नानकेंगचा भूमिदेव वाकला

माझी नात पेई-यिंग महिन्याची झाली, रिवाजाप्रमाणे तांबडी अंडी आणि तेलभात घरोघर गेला, त्याच वर्षी आमच्या नानकेंग गावचा भूमिदेव वाकला.

हा देव म्हणजे हातभर उंचीचा, दाढीवाला, दगडी म्हातारा. चहाच्या मळ्यांच्या वर, उतारावर त्याचे देऊळ. माझ्या सासऱ्यांच्या बापाने तो तिथे चौथऱ्यात चुन्याने पक्का बसवला, तेव्हापासून पाठ ताठ. आता तो गावाकडे तोंड करून पुढे झुकला होता. उदबत्ती लावायला खाली वाकले की त्याची दाढी कपाळाला लागायची.

आमच्या चांद्रवर्षाच्या पाचव्या महिन्याची पाचवी तिथी आली. त्या दिवशी भर दुपारी भरलेले पाणी वर्षभर नासत नाही, औषधी असते, असे आमच्याकडे मानतात. दरवर्षीसारखी माणसे देवळाखालच्या झऱ्यावर कळश्या घेऊन गेली, आणि झऱ्यातून पांढरे पाणी आले.

आठवड्यात खालच्या वळणापर्यंत स्कूटरी लागल्या. लांबून बसगाड्या आल्या. डबे, बादल्या, बाळांच्या दुधाच्या बाटल्या घेऊन रांगा लागल्या. आणि रांगेच्या पुढे त्साय गुरू. लाल बंडी, अनवाणी पाय. त्याच्या अंगात भूमिदेव यायचा. देव यायच्या आधी तो खालच्या गावात पाणी शुद्ध करायची यंत्रे विकत असे.

"आजवर तुम्ही देवापुढे वाकलात!" तो ओरडायचा. "आता देव तुमच्यापुढे वाकलाय! आणि हे काय वाहतंय? पाणी? छे! भूमीच्या थानातलं दूध! मूतखडा विरघळतो, साखर उतरते, रुसलेली सून सरळ होते!"

"सून सरळ होत असेल तर मला दोन डबे भर बाबा," शेजारची सू-च्यू वहिनी म्हणाली. रांग हसली. गुरूही हसला. हसणाऱ्या माणसाचा डबा लवकर भरतो, हे तो यंत्रांच्या धंद्यात शिकला असावा.

माझा नवरा थिएन-वांग त्या वर्षी धूपपात्राचा मानकरी होता. मानकरी कौल लावून ठरतो. बांबूच्या मुळाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली की देव हो म्हणाला. ज्याला लागोपाठ जास्त हो मिळतील त्याच्याकडे वर्षभर देवळातले पितळी धूपपात्र. त्यातला निखारा विझू द्यायचा नाही आणि पात्र एकटे सोडायचे नाही. थिएन-वांग बारा वर्षे कौल लावत होता. त्या वर्षी त्याला मिळाला.

त्याला मूतखडा होता. रोज सकाळी वाडगाभर दूध प्यायचा.

"कसं लागतं?" मी विचारले.

"मातीसारखं."

"मग कशाला पितोस?"

"भूमिदेवाचं दूध मातीसारखं नाही लागणार तर काय बदामासारखं लागेल?"

मी तेव्हा तालुक्याच्या गावी संध्याकाळच्या महाविद्यालयात जायची. अक्षरे मला साठीनंतर आली. अक्षरवर्ग संपल्यावर पुढे काय शिकू म्हणून विचारले, तर बुधवारी 'भूविज्ञान परिचय' या एकाच वर्गात जागा रिकामी होती. शिकवायला को मॅडम. माझ्या धाकट्या मुलाच्या वयाची बाई, बुटांना कायम चिखल. पहिल्या दिवशी तिने टेबलावर पाट्या एकावर एक रचल्या, मध्ये एका ठिकाणी ओला साबण ठेवला आणि टेबलाचे दोन पाय उचलले. वरच्या पाट्या घसरून पहिल्या रांगेतल्या बायकांच्या मांडीवर आल्या. "हा डोंगर," ती म्हणाली. बाकी मला फार कळले नाही.

मग तिने सांगितले, आपापल्या गावचा दगड आणि बाटलीभर पाणी आणा.

मी दूध नेले. वर्ग हसला. मॅडमही हसल्या आणि बाटली खिडकीत ठेवून शिकवत राहिल्या. तास संपला तेव्हा बाटलीत वर नितळ पाणी होते आणि तळाशी दोन बोटे राखाडी गाळ. मॅडमनी तो चिमटीत घेऊन चोळला. मलाही दिला. साबणासारखा बुळबुळीत होता.

"आजी, तुमचा देव वाकलाय म्हणता. कुठल्या अंगाला?"

"उताराच्या."

"देवळाचं दार नीट लागतं?"

"नाही. चौकटीत अडतं. गुरू म्हणतात, देवाला आता दार बंद केलेलं आवडत नाही."

मॅडम हसल्या नाहीत. "वादळ कधी येतंय हो?" त्यांनी वर्गाला विचारले. कोणीतरी म्हणाले, सोमवारी.

रविवारी त्या आमच्याकडे आल्या. मासे धरायच्या दोरीला शिशाचे वजन बांधून आणले होते. देवळात गर्दी होती. त्यांनी दोरी चौकटीच्या वरच्या टोकाला टेकवून सोडली. वजन चौकटीच्या पायापासून चार बोटे दूर लोंबत राहिले. मग त्यांनी ती झेंड्याच्या काठीला लावली, मग सुपारीच्या झाडांना. सगळी एकाच बाजूला कलली होती.

"म्हणजे सुपाऱ्यासुद्धा भक्त झाल्या म्हणायच्या," सू-च्यू म्हणाली.

"देव वाकलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "तो चौथऱ्याला चिकटून बसलाय, चौथरा जमिनीला. जमीन वाकलीय. या डोंगराचे थर उताराच्याच दिशेने कललेत. मध्ये मातीच्या दगडाचा एक थर आहे. पाणी लागलं की त्याचा साबण होतो. वरचा डोंगर त्याच्यावरून सरकतोय, थर घासून निघतोय. झऱ्यातून येतंय ते दूध नाही, तो घासून निघालेला थर आहे."

त्साय गुरू पुढे झाला. "ताई, पुस्तकातला डोंगर निराळा आणि देवाचा डोंगर निराळा. बाटलीत जो गाळ बसला ना, ते बाटली आणणारीचं पाप! ज्याची श्रद्धा पक्की त्याला दूध, ज्याची कच्ची त्याला चिखल!"

"मग तुमची बाटली दाखवा. तुमच्या दुधात किती बसतं ते बघू."

"मी... मी देवाच्या प्रसादाची परीक्षा घेत नाही."

"तो पीतच नाही!" सू-च्यू मागून ओरडली. "त्याच्या गाडीत सीलबंद पाण्याची खोकी आहेत. काल मी स्वतः बघितली. मी म्हटलं, गुरू, दूध आटलं की काय?"

लोक हसले, पण हलले नाहीत. बाटलीने आणि दोरीने कोणी हलत नाही. एक म्हातारा म्हणाला, जमिनीखालचा बैल कूस बदलतो तेव्हा जमीन हलते, आता तर काहीच हलत नाही. मॅडम म्हणाल्या, "मामा, हा बैल कूस बदलत नाहीये. हळूहळू बिछान्यावरून खाली घसरतोय."

मग त्यांची नजर देवामागच्या लाल गालिच्यावर गेली. नवा, लांब, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गुरूने महिन्यापूर्वी घातलेला.

"याच्याखाली काय आहे?"

गुरू गालिच्यावर जाऊन उभा राहिला. "हे देवाचं आसन. बाईमाणसाने हात लावायचा नाही."

"मी लावतो," थिएन-वांग म्हणाला. "मी मानकरी आहे. बाजूला हो."

त्याने गालिचा ओढला. फरशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दुभंगली होती. भेग वीतभर रुंद. वरून ती काठोकाठ राखेने भरून, पाणी शिंपडून दाबलेली होती.

थिएन-वांग खाली बसला. त्याने राख चिमटीत घेतली, हुंगली. महिनाभर तो मला सांगत होता की धूपपात्रातली राख रोज कमी होते. एरवी ती वाढते, काढून टाकावी लागते. गुरूने त्याला सांगितले होते की देव राख खातो. तो ते चार गावांत अभिमानाने सांगून आला होता.

"ही माझी राख," तो म्हणाला.

त्याने उदबत्ती खुपसली. सबंध आत गेली. मग त्याने कोपऱ्यातला कावडीचा बांबू उचलला आणि भेगेत सोडला. बांबू त्याच्या मुठीपर्यंत आत गेला. तो तसाच मूठ जमिनीला टेकवून बसून राहिला. बाहेर झऱ्यावर डबे भरल्याचा आवाज येत होता.

"तुला ठाऊक होतं," तो गुरूला म्हणाला.

"फरशी जुनी आहे काका. फरश्या फुटतात. लोक उगाच घाबरतील म्हणून—"

"तुला ठाऊक होतं."

गुरू गाडीकडे गेला. त्याला कोणी अडवले नाही.

मॅडम म्हणाल्या, वादळाआधी गाव सोडा. तरीही लोक म्हणाले, गाव सोडायचे तर देवाला विचारायला हवे, कौल लावू. मॅडम म्हणाल्या, "लावा की. पण खाली शाळेत जाऊन लावा. देवाला तिथेही ऐकू येत असेल."

हे मात्र लोकांना पटले. सोमवारी सकाळी पाऊस सुरू झाला तेव्हा सगळे गाव खालच्या शाळेत होते. म्हातारी माणसे, कोंबड्या, पेई-यिंग, भाताची भांडी. थिएन-वांगने दारोदार जाऊन माणसे काढली होती. ज्यांनी ऐकले नाही त्यांना तो एवढेच म्हणाला, "मी बांबू घालून बघितलाय."

दुपारी जेवताना त्याच्या लक्षात आले की धूपपात्र वर देवळातच राहिले आहे. माणसे काढण्याच्या गडबडीत ते कोणी आणले नव्हते.

"राहू दे," मी म्हणाले. "त्या देवाच्या नावावर काय चाललं होतं ते बघितलंस ना?"

"देवासाठी नाही जात. माझी पाळी आहे."

को मॅडम दारात उभ्या होत्या. वादळाआधी परत न जाता त्या शाळेतच राहिल्या होत्या. त्यांनी त्याची बाही धरली. "मामा, जमीन कोणाची पाळी बघत नाही."

"पोरी, अर्ध्या तासात येतो. तुझं सगळं मला पटलंय." त्याने बाही सोडवून घेतली, अंगावर रेनकोट चढवला आणि स्कूटर सुरू केली.

आवाज विमानासारखा आला. शाळेच्या खिडक्या वाजल्या. पाऊस थोडा थांबल्यावर वर बघितले तर चहाचे मळे, झरा, देऊळ यातले काही नव्हते. एक तांबडा, गुळगुळीत, कललेला दगड होता. तासाला टेबलावर उरलेल्या खालच्या पाटीसारखा.

धूपपात्र नवव्या दिवशी सापडले. माणसे तिथे थिएन-वांगला शोधत होती.

मी वर्ग सोडला नाही. घरी बसून काय करायचे होते? परीक्षेत प्रश्न आला: दरड कोसळण्याआधीची लक्षणे लिहा. मी लिहिले: झऱ्याचे पाणी गढूळ होते. दारे अडतात. झाडे कलतात. जमिनीला भेगा पडतात. देव वाकतो. मॅडमनी कशावरही लाल रेघ मारली नाही.

त्साय गुरू आता दुसऱ्या खोऱ्यात असतो. तिथे सांगतो की नानकेंगच्या देवाने एक माणूस मागितला होता, तो घेतला आणि गाव वाचवले. लोक माना डोलावतात म्हणे. तुमच्या गावात देव वाकला, झऱ्याला दूध आले, तर त्याला नमस्कार करायला माझी हरकत नाही. पण आधी बाटली खिडकीत ठेवा आणि तास संपेपर्यंत थांबा. दाराला दोरी लावून बघा. आणि कोणी नवा गालिचा घातला असेल तर तो उचला. नमस्कार त्यानंतर केला तरी देव रागावत नाही. आमचा रागावला नाही. तो दगडच होता आणि दगडाबरोबर गेला.

आपल्यावर आलेली पाळी कितीही मोठ्या मानाची असली तरी चुकवता येते, हे त्या वर्गात कोणी शिकवले नाही. ते मी इथे लिहिते.

माझा नवरा थिएन-वांग त्या वर्षी सहाव्या महिन्याच्या एकोणिसाव्या दिवशी, दुपारी, नानकेंगच्या उतारावर मेला. गावातले दुसरे कोणी मेले नाही.