राजिवड्यातला शेवटचा मोडेम

आसियाभाभींनी मोडेमवर हात ठेवला होता आणि तो काढायला त्या तयार नव्हत्या.

केबल इंटरनेटच्या कंपनीचे जुने मोडेम त्या संध्याकाळी बंद पडणार होते. पंधरा वर्षे माडांवरून आणि कौलांवरून तारा ओढत आलेल्या भिकाजीने रत्नागिरीतले सगळे बदलले होते. राजिवड्यातला हा एकच उरला होता. त्याने हे दोनदा समजावून सांगितले. भाभींची हरकत निराळीच होती. त्यांचे यजमान नझीरभाई बहारीनला जहाजदुरुस्तीच्या गोदीत होते. तीन वर्षांत त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. दर शुक्रवारी जुम्याची नमाज आटोपून ते सायबर कॅफेत जात आणि इथल्या साडेतीनला कॅमेऱ्यावर येत. मागे घरचा टेलिफोन नंबर बदलला, तेव्हा महिनाभर त्यांचे फोन एका पिठाच्या गिरणीत वाजत राहिले होते.

"त्या गिरणीवाल्याला आमच्या घरातला सगला म्हाईत हाय," भाभी म्हणाल्या. "आता डबा बदललाव नि ते दुसऱ्याच्याच घरात उगवले तर?"

"भाभी, नझीरभाय काय डब्यात ऱ्हात नाय. डबा नुस्ता रस्ता हाय."

"मंग साडेतीनपरेंत हितंच बसा. ते दिसले की जावा."

भिकाजी बसला. तीन वाजता त्याने नवा मोडेम जोडला. आता त्याच्या तळावरचा नंबर पुण्याच्या ऑफिसला कळवला, की दिवे स्थिर होणार होते. नंबरात इंग्रजी अक्षरे होती आणि ती फोनवर सांगण्याची भिकाजीची स्वतःची पद्धत होती.

"बी, बांगड्याचा. एफ, फणसाचा. सी, सुरमईचा."

पुण्याच्या मुलीने इमानाने सुरमईचा एस लिहिला. कॉम्प्युटरने नंबर नाकारला. असे तीनदा झाले. तिला मासाच ठाऊक नसावा, अशा समजुतीने भिकाजीने सुरमईचे सविस्तर वर्णन केले. घड्याळात तीन पंचवीस झाले, तेव्हा भाभींनी त्याच्या हातून रिसीव्हर घेतला.

"बाय, सी चपातीचा," त्या म्हणाल्या.

पुण्याला चपाती तत्काळ कळली. दिवे स्थिर झाले.

भिकाजी घरच्या कॉम्प्युटरपुढे खुर्चीत बसून कॅमेरा तपासत असतानाच पडद्यावर नझीरभाई उगवले.

"तू कोन रे? माजी बायको कुठं हाय?"

भिकाजी घाईने उठला. भाभी ओढणी सारखी करून खुर्चीत बसल्या आणि पडद्याकडे पाहत राहिल्या. जुन्या मोडेमवर नझीरभाई म्हणजे निळ्या शर्टाचे काही चौकोन आणि एक आवाज, एवढेच असत. आज त्यांची पांढरी झालेली दाढी दिसत होती. खोल गेलेले गाल आणि पुढचे दोन पडलेले दातही दिसत होते. दर शुक्रवारप्रमाणे ते म्हणाले, की आपली तब्येत एकदम झकास आहे. भाभींनी जेवणाचे विचारले, शेजारच्या लग्नाचे सांगितले, हसायच्या ठिकाणी हसल्या. मग पडदा काळा झाला.

"भिकाजीभाव," त्या म्हणाल्या, "जुना डबा बरा व्हता."

भिकाजीने बॅगेतून फॉर्म काढून भरायला घेतला. शेवटी 'ग्राहकाची तक्रार' हा रकाना होता. त्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले: 'चित्र स्पष्ट दिसते.'

भाभींनी ते वाचले आणि खाली सही केली.