हिशेब न पाहता सांगणारे डॉक्टर

मांडाउए शहरातल्या एका हॉटेलात टाळ्या थांबेनात. सुक्या आंब्याच्या कंपनीच्या सातही कारखान्यांचे व्यवस्थापक आणि मुकादम उठून उभे राहिले होते. कंपनीचे सल्लागार डॉक्टर बाल्बिनो यांनी चमत्कारच केला होता! उत्पादनाचा एकही आकडा न पाहता, व्यवस्थापकांनी भरलेल्या प्रश्नावलीच्या गुणांवरून त्यांनी कोणता कारखाना पहिला, कोणता शेवटचा, सगळं बिनचूक सांगितलं होतं.

"विश्वास, प्रशिक्षण, सहभाग!" डॉक्टर गरजले. "हे तीन मोजा आणि कारखान्याचं भविष्य वाचा. लिलोआनच्या कारखान्याचा तर आत्माच आजारी आहे!"

आत्म्याला गुण देणारा वैद्य जगात हा पहिलाच असावा.

लिलोआनची व्यवस्थापक फेलिसा काबाहुग बसूनच होती. तिचा कारखाना शेवटचा आला होता. मालक तो बंद करणार आणि तिथल्या बायका घरी बसणार, हे तिला सकाळीच कळलं होतं. तेव्हापासून तिला ना रडू येत होतं, ना राग.

"फेलिसाताई, दोन घास खा की," शेजारच्या खुर्चीवरचा मुकादम रोके म्हणाला. "तुमच्या बायकांत जीव नाही म्हणे, निदान तुमच्यात तरी राहू दे."

तिनं ताटली बाजूला सारली.

डॉक्टरांच्या निष्कर्षावर शिक्कामोर्तब करायला मालकांनी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या ओम्पादबाईंना बोलावलं होतं. "शिक्का मारते," बाई म्हणाल्या, "पण आधी एक खेळ खेळू."

त्यांनी एक चित्रफीत लावली. टोप्या आणि मास्क घातलेल्या बायका आंबे कापत होत्या. प्रत्येकाला डॉक्टरांचीच प्रश्नावली मिळाली आणि सोबत एक चिठ्ठी, चित्रफितीतल्या कारखान्याचं उत्पादन वाढलं की घटलं ते सांगणारी. फेलिसाच्या चिठ्ठीत होतं, 'घटलं'. तिनं बधिरपणे गुण लिहिले. दहापैकी विश्वास दोन, सहभाग एक.

बाईंनी कागदांचे दोन गठ्ठे केले. "हा गठ्ठा म्हणतो, काय ही एकजूट! हा म्हणतो, यांच्यापेक्षा मढी बरी! चित्रफीत एकच होती. निम्म्या चिठ्ठ्यांत मी 'वाढलं' लिहिलं, निम्म्यांत 'घटलं'. दोन्ही मनाचंच."

"माझ्या शास्त्राशी याचा काय संबंध?" डॉक्टर तडकले.

"तुमची प्रश्नावली कधी भरून घेतलीत?"

"वार्षिक आढावा झाल्यावर."

"म्हणजे उत्पादन सगळ्यांना ठाऊक होतं. वाढलं तिथे विश्वास दिसला, घटलं तिथे दिसला नाही. यांनी आकडा पुडीत बांधून दिला, तुम्ही पुडी सोडलीत. यात कसला चमत्कार?"

डॉक्टर पाणी प्यायले.

"मग लिलोआनचं उत्पादन घटलं कशानं?" मालकांनी विचारलं.

"वादळात मोहोर गळाला, साहेब," फेलिसा म्हणाली. "आंबाच आला नाही."

"आणि ही चित्रफीत कुठली हो, बाई?" रोकेनं विचारलं.

"लिलोआनची. कंपनीच्याच कॅमेऱ्यातली."

फेलिसानं गठ्ठ्यातून आपला कागद ओढून काढला. सकाळपासून पहिल्यांदाच तिला काहीतरी वाटलं, आणि ती होती लाज.

"साहेब," ती उभी राहिली, "ज्यांच्याबरोबर मी रोज जेवते, त्यांना मी एक गुण दिला. मी पडद्याकडे धड पाहिलंच नाही, चिठ्ठी पाहिली. उत्पादन सांगून माणसं मोजायला लावाल, तर उत्पादनच मोजलं जाईल. आधी कापणाऱ्या बायकांना विचारा. आकडा नंतर काढा. मग कारखाना बंद करायचा तर खुशाल करा."