सक्तमजुरी कुणाच्या रानात?

मित्रांनो, मी एक जुना कोयता. गळ्यात सुतळीनं चिठ्ठी बांधलेला, वर लाखेचा शिक्का बसलेला. पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत मला ‘मुद्देमाल’ म्हणतात. उभा जन्म ऊस तोडणाऱ्याला हे नाव शोभतं का, तुम्हीच सांगा.

आधी मी एका ट्रकचा कमानपाटा होतो. आष्ट्याच्या दस्तगीर लोहारानं तो भट्टीत लाल केला आणि त्यातून दोन कोयते घडवले. एक मी, दुसरा माझा भाऊ. मला नेलं बिरदेवनं, भावाला जोतीरामनं. दोघांची रानं बांधाला बांध लावून आणि विहीर एकच. ऊसतोडीची टोळी त्यांच्या आडरानात वेळेवर फिरकायची नाही, म्हणून ते पैरा करायचे. पैरा म्हणजे आज तू माझ्या रानात राबलास, उद्या मी तुझ्या रानात राबणार. दहा वर्षं आम्ही दोघे भाऊ एकाच सरीत सपासप चाललो. बिरदेव मला पुसून चारचौघांत दाखवायचा, लय गुणाचा हाय म्हणायचा. तेव्हा काय माज होता मला!

मग एका दुपारी विहिरीच्या पाण्यावरून दोघांची जुंपली. बिरदेवची पाळी संपायच्या आतच जोतीरामनं पाणी आपल्या उसाकडं वळवलं होतं. शब्दानं शब्द वाढला आणि बिरदेवनं मला उगारलं. जोतीरामनं उजवा हात आडवा घातला. त्या हाताची दोन बोटं गेली, शिरा तुटल्या. रक्त बघताच बिरदेवचा राग पार उतरला. स्वतःचा टॉवेल जखमेला बांधून, जोतीरामला आपल्या मोटरसायकलवर बसवून तोच दवाखान्यात घेऊन गेला. पोलिसांनी मला जप्त केलं, आणि रक्त लागलंय म्हणून त्या मोटरसायकललाही. तोडणारा मी आणि वाचवणारी ती, दोघं एकाच खोलीत.

पुढचं सगळं मला तारखांना कळलं. तारखेला हवालदार मला पिशवीत घालून कोर्टात नेई आणि व्हरांड्यातल्या बाकावर मांडीवर घेऊन बसे. शेजारी गावाच्या तंटामुक्तीचे अध्यक्ष नानासो बसलेले असत. त्यांनी तोडगा काढला होता. बिरदेवनं जोतीरामच्या दारात जाऊन ‘चुकलं’ म्हणायचं, आणि त्याचा हात चालत नाही तोवर दर हंगामाला त्याचा ऊस तोडून द्यायचा. जोतीरामला तेवढंच हवं होतं. बिरदेव तर एका पायावर तयार होता.

पण बिरदेवच्या वकिलानं त्याला बाजूला घेऊन बजावलं, चुकलं म्हणालास की गुन्हा कबूल केलास, त्याच्या दाराची पायरी चढायची नाही. सरकारी वकील म्हणाले, हत्यारानं केलेली असली जखम आपसात मिटवता येत नाही, कायद्यात बसत नाही. झालं! सहा वर्षं ते दोघं त्याच व्हरांड्यात एकमेकांकडं पाठ करून बसले. तिकडं जोतीरामची बायको बनुबाई एकटीच ऊस तोडत होती. माझा भाऊ तिच्या हातात होता म्हणे.

शेवटी निकाल लागला. बिरदेवला दोन वर्षं सक्तमजुरी. तो शब्द ऐकून मी हरखलो, मित्रांनो. वाटलं, आता बिरदेव जोतीरामच्या रानात राबणार, पैरा फिटणार! कसला खुळा मी. त्याला तुरुंगाच्या मळ्यात भाजी खुरपायला लावलं, असं ठाण्यात बोलताना ऐकलं. दोन वर्षं त्यानं घाम गाळलाच, पण ज्याचा हात गेला त्याच्या उसाला त्यातलं काही मिळालं नाही. शिक्षा नकोच, असं मी म्हणत नाही. माणसाची बोटं तोडली तर जाब द्यायलाच हवा. पण तो कुणाला द्यायचा, हे कुणी विचारलंच नाही.

सुटल्यावर बिरदेव मोटरसायकल सोडवायला ठाण्यात आला. जोतीरामला ते कळलं होतं. तो फाटकाशी येऊन थांबला होता. खिडकीतून मला दोघंही दिसत होते.

“बिरदेवा,” जोतीराम म्हणाला, “आता वकील न्हाई, कोर्ट न्हाई. चुकलं म्हन, आन उद्या रानात ये. आठ वर्सं वाट बघतुया.”

बिरदेवनं मान वर केली नाही. “कशाचं चुकलं? दोन वर्सं राबलुया म्या. फिटलं समदं.”

“कुनाचं फिटलं?” जोतीरामनं तीन बोटांचा हात पुढं धरला. “माजं न्हाई फिटलं, गड्या.”

बिरदेव गंजलेली गाडी ढकलत निघून गेला. हाच माणूस एके काळी त्या दारात जायला तडफडत होता. आठ वर्षं सगळ्यांनी मिळून त्याला तोंड मिटायला शिकवलं. माझा नुसता जळफळाट झाला. जोतीराम जाता जाता हवालदाराला सांगून गेला, औंदाबी बनुबाई एकटीच तोडतीया.

आता माझ्याबद्दलचा हुकूम आला आहे. ‘मुद्देमाल निरुपयोगी, नष्ट करावा.’ निरुपयोगी! अहो, ओंजळभर पाणी आणि एक दगड द्या, उद्या सकाळी जोतीरामच्या सरीत उतरून दाखवतो.

माझं कोण ऐकणार? तुम्ही तरी ऐका. तुमच्या हातून कुणाला इजा झाली, तर आधी त्याच्या दारात जा, आणि त्याच दिवशी जा. ‘चुकलं’ हा शब्द ओठावर असतो तोवरच जा. फार दिवस कोंडून ठेवला की तोही गंजतो. मला विचारा.