बापाची घोंगडी

“पुन्यांदा बघ की. खालच्या बारीक अक्षरात आसंल.”

नागम्मानं बापासाठी, ईरप्पासाठी, तो इंग्रजी लेख तिसऱ्यांदा वाचला. लेख लिहिणाऱ्या बिराजदार सरांनी शेवटी प्रयोगाचा दिवा देणाऱ्या कंपनीचे आभार मानले होते, टायपिस्टचेही मानले होते.

“न्हाई, अप्पा. तुमचं नाव कुटंच न्हाई.”

ईरप्पा कॉलेजच्या रसायनशाळेत सतरा वर्षं शिपाई. सरांनी तिथं रेणूंची प्रथिनासारखी साखळी तयार केली होती आणि तिला रंगाचे कण जोडले होते. उजेडात तिचा पीळ सुटायचा, अंधारात पुन्हा बसायचा, निदान बसायला हवा होता. तो काही केल्या बसेना. सर वर्षभर कपाळाला हात लावून बसले. तिच्या द्रावणाच्या बाटल्या ज्या अंधाऱ्या कपाटात ठेवायचे, त्याच्या फळीला फट आहे आणि कॉलेज उघडण्याआधीच सकाळचं ऊन बाटल्यांवर पडतं, हे दिसलं ते ईरप्पाला. त्यानं गावाकडून, वळसंगहून, आपल्या बापाची काळी घोंगडी आणली आणि बाटल्यांवर टाकली. दुसऱ्या दिवशी पीळ मोजणाऱ्या यंत्रातला आकडा जागच्या जागी परत आला.

“ईरप्पा, लेखात तुझं नाव छापून आणतो बघ,” सर म्हणाले होते. त्या एका वाक्यावर या भाबड्यानं दोन वर्षं काढली. सगळ्या गल्लीला सांगून बसला होता, आता कुणाला काय तोंड दाखवणार? त्याला सरांचा राग आला, आणि सरांपेक्षा स्वतःचा जास्त आला. त्याच दिवशी त्यानं घोंगडी घरी नेली.

गुरुवारी पुण्याचे पाहुणे प्रयोग बघायला आले. बाटली दोन दिवस कपाटात होती, तरी आकडा परतला नव्हता. सरांनी कपाट उघडलं आणि ते चपापले.

“ईरप्पा, घोंगडी कुठंय?”

“घरी नेली, सर. लई थंडी पडलीया.”

“घोंगडी?” पाहुण्यांनी विचारलं. “लेखात तर असं काही नव्हतं.”

सर नुसतेच हसले. ईरप्पानं चहाचे कप उचलले. जिंकल्यासारखं त्याला वाटायला हवं होतं, पण त्याची नजर सारखी त्या चुकलेल्या आकड्याकडे जात होती. तो आकडा त्याचाही होता.

घरी बायकोनं घोंगडी दोनदा धुऊन वाळत घातली होती. रसायनांचा वास काही जाईना. थंडी होती, तरी घरात ती कुणीच पांघरली नाही.