चौदा नंबरच्या स्की

बर्फातलं मला कळतं, असं मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो. लोकही वेडे, ऐकत आले. आमच्या तेरेकती गावात कुणाला स्की बाहेर काढायची असली की आधी माझ्या दारावर थाप. "तोलेगेन, आज स्कीला कुठलं मेण लावू?" मग मी बाहेर यायचो, मूठभर बर्फ उचलायचो, दाबायचो, नाकाशी धरायचो. वास घ्यायची काही गरज नसते, पण माणसं बघत असतात ना! बायको राइखान दारातून ओरडायची, "झालं का नाटक? आत या, चहा निवतोय."

तरुणपणी मी खाणीच्या संघातून शर्यती पळलो. एकदा तिसरा आलो. तो तिसरा नंबर मी पुढं जन्मभर पुरवून पुरवून खाल्ला.

झादिरा आमचं शेंडेफळ, चौदा वर्षांची. तिच्या दोन्ही भावांना स्कीवर धड उभंही राहता येत नाही, पण ही पोरगी चालायला लागली तीच घसरत. शहरातली क्रीडाशाळा आमच्या भागातून दरवर्षी दोन मुली निवडते. फक्त चौदाच्या. पंधरा पूर्ण झाली की दार बंद, मग कितीही रडा. झादिराला दुसरं काही नकोच होतं. तिनं जानेवारीतच बॅग भरून ठेवली होती आणि राइखान रोज त्यातून एखादा मोजा काढून पुन्हा धुवायची.

या निवडीच्या शर्यतीसाठी मी माझी करडी घोडी विकली आणि नव्या स्की आणल्या. पहिल्या रात्री त्या आमच्या खोलीत ठेवल्या होत्या. राइखान म्हणाली, "घोडी तरी बाहेर झोपायची."

शर्यत फेब्रुवारीतल्या एका रविवारी होती. आदल्या बुधवारी दुपारी नैर्ऋत्येकडून गरम वारा सुटला आणि छपराच्या कडेला लटकलेले बर्फाचे सुळे टपटप गळायला लागले. गुरुवारी पाऊस. भर थंडीत पाऊस! शुक्रवारीही तेच. वरचा भुसभुशीत बर्फ पाणी पिऊन बसला, भिजलेल्या साखरेसारखा जाड दाण्यांचा झाला. त्यावर स्की टाकली की खालून कुणीतरी ओढून धरल्यासारखं व्हायचं. शनिवारी आभाळ उघडलं आणि रात्री असा कडाका पडला की ते सगळं पाणी जागच्या जागी गोठलं. रविवारी सकाळी सातला मी शर्यतीच्या वाटेवर गेलो, तर स्कीसाठी पाडलेल्या दोन चाकोऱ्या काचेच्या झाल्या होत्या. उणे सहा.

आता नीट ऐका, कारण माझी चूक इथंच आहे. पाऊस पडून गोठलेल्या बर्फावर साधं मेण टिकत नाही, दाणे ते किलोमीटरभरात खरवडून टाकतात. तिथं चिकटा लागतो. नळीत येतो, डिंकासारखा, हाताला लागला की दोन दिवस जात नाही. स्कीच्या मधोमध, पायाखाली तो फासायचा, मग चढावर पकड मिळते. पण त्याच चिकट्यावर ताजा ओला बर्फ पडला, की सगळा पायाखाली गोळा होतो. सातला चिकटा बरोबर होता. शर्यत अकराला होती.

झादिराचा प्रशिक्षक वादिम, वय अठ्ठावीस, मिशी अजून धड फुटलेली नाही. मी वाटेजवळच्या शेडमध्ये चिकट्याची नळी पिळत होतो तेव्हा तो आला आणि डोंगराकडे बोट दाखवून म्हणाला, "तोलेगेन-आगा, ते ढग बघताय? दहापर्यंत हवा शून्यावर येईल आणि ओला बर्फ पडेल. चिकटा नको. पायाखालच्या भागाला पॉलिश पेपर मारू. खरखरीत केलं की तेवढ्यावर पकड मिळते. आता सगळे तसंच करतात."

पॉलिश पेपर! माझ्या घोडीला!

"सगळे विहिरीत उड्या मारतील," मी म्हणालो. "माझे आजोबा स्कीला घोड्याचं कातडं लावून या डोंगरात कोल्हे मारायचे. त्या ढगाला मी तुझ्या बापाच्या जन्माआधीपासून ओळखतो. दोनच्या आत खाली उतरत नाही तो. मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

झादिरा तिथंच बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती. वादिमनं तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "कोके करतील ते बरोबरच असेल." बापाला ती कोके म्हणते. अजूनही म्हणते.

दहा वाजून दहा मिनिटांनी बर्फाची पहिली भुरभुर माझ्या बाहीवर पडली आणि लगेच पाणी होऊन गेली. मी बाही झटकली. वादिम धावत आला. "आगा, अजून वेळ आहे. माझ्याकडे चिकटा काढायचं औषध आहे. दोघं मिळून करू, होईल. ऐका ना!" शेडच्या दाराशी माझे जुने सोबती उभे होते, खाणीच्या संघातले. बुलात हसून म्हणाला, "काय रे तोलेगेन, हा पोरगा तुला बर्फ शिकवतोय होय?" झालं. मी म्हणालो, "थांबेल आता पाच मिनिटांत."

थांबला नाही. अकराला हाताच्या पंजाएवढे ओले पुंजके पडत होते.

झादिरा चौदा नंबरला सुटली. पन्नास पावलं नीट गेली. मग तिच्या पायाखाली बर्फ जमायला लागला आणि ती उंच उंच होत गेली, टाचांच्या चपला घालून निघालेल्या बाईसारखी. घसरणं बंद, नुसतं चालणं. तिनं थांबून काठीनं गोळे खरवडले, पुन्हा निघाली, पुन्हा गोळे. मागच्या मुली एकेक करून पुढे गेल्या. एकीच्या स्की पॉलिश पेपरच्या होत्या, ती सुरसुर करत गेली. मी ओरडत होतो, "पाय आपट! पाय आपट!" बाप म्हणून एवढंच सुचलं.

शेवटचा दीड किलोमीटर देवदारांतून जातो. तिथं बर्फ फांद्यांवरच अडकला होता आणि खाली चाकोरी अजून काचेचीच होती. झादिरानं जंगलाच्या तोंडाशी स्की खरवडून साफ केल्या आणि मग जी सुटली! बाहेर आली तेव्हा चौघींना मागं टाकून आली होती. तरी नंबर लागला नववा. रेषा ओलांडून ती गुडघ्यावर बसली आणि ओकली.

निवडीला शहरातून क्रीडाशाळेच्या बाई, मागिरा आपाय, आल्या होत्या. जाड फ्रेमचा चष्मा, हातात घड्याळ. त्या सरळ आमच्याकडे आल्या. मी झादिराच्या खांद्यावर कोट घालत होतो. माझ्यामागून बुलातचा आवाज आला, "तोलेगेन, सर्दी झाली होती का रे नाकाला?" सगळे खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झादिरानं मान वळवून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. काय दिसलं तिला, देव जाणे.

"चौदा नंबर," मागिरा आपाय म्हणाल्या, "या स्की कुणी तयार केल्या?"

"मी," झादिरा म्हणाली.

मागं हसणं थांबलं. वादिमनं तोंड उघडलं, तशी तिनं त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली.

"तू? आणि प्रशिक्षकानं काय सांगितलं होतं?"

"पॉलिश पेपर मारायला."

"मग?"

"मला वाटलं, मला जास्त कळतं."

आपायनी हातातलं घड्याळ खिशात टाकलं. मग म्हणाल्या, "पोरी, जंगलात तू धावलीस तशी आज आणखी फक्त एकजण धावली. नुसती स्की चुकली असती तर मी डोळे झाकले असते. त्या मोठ्या माणसांच्या चुका असतात, पोरींच्या नाही. पण सांगितलेलं न ऐकणारी मुलगी मला झेपत नाही गं. वसतिगृहात तशा दोन आहेत, त्यांनीच माझं डोकं पिकवलंय." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही वडील ना? तुम्हाला काही सांगायचंय?"

बाईनं मला विचारलं हो! तोंडावर विचारलं. चार शब्द पुरे होते, स्की मी केल्या म्हणून. मागं बुलात होता, सगळे होते.

"नाही, आपाय," मी म्हणालो.

त्यांनी वहीत काहीतरी खोडलं आणि पुढच्या मुलीकडे गेल्या.

घरी येताना झादिरा स्की खांद्यावर घेऊन पुढं चालत होती. मी द्यायला सांगितल्या, तिनं दिल्या नाहीत. राइखाननं दारातच विचारलं, "काय झालं?" झादिरा म्हणाली, "बर्फ मध्येच बदलला, आई." आणि आत जाऊन बॅग रिकामी करायला लागली. राइखाननं मला एरवी हजार बोल लावले असते. त्या दिवशी ती बॅगेतले मोजे घडी करत बसली.

तीन दिवस मी जेवलो, झोपलो, खाल्लेलं अंगी लागलं नाही. चौथ्या दिवशी वादिमच्या घरी गेलो. म्हटलं, "पोरा, मला शहरात घेऊन चल. मी आपायना खरं सांगतो."

तो स्टोव्हपाशी बसून बूट शिवत होता. म्हणाला, "यादी सोमवारीच लागली, आगा. दोघी गेल्या."

"तू का नाही बोललास तेव्हा?"

"तिनं नको म्हणून खुणावलं. मी बोललो असतो तर पोर सगळ्यांसमोर खोटी पडली असती. बापानं बोलायचं होतं ते." मग दोरा दातानं तोडून म्हणाला, "तिला वाटलं होतं तुम्ही बोलाल. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली. कोके मला खोटं बोलू देणार नाहीत असं वाटलं होतं, असं."

मी तिथून कसा निघालो आठवत नाही. घरी आलो तर झादिरा बटाटे सोलत होती. मी तिच्यासमोर खाली जमिनीवर बसलो. म्हणालो, "पोरी, मी पत्र लिहितो. शाळेला, आपायना, सगळ्यांना. सांगतो की स्की मी केल्या, मूर्खपणा माझा. यादी बदलली तर बदलली."

तिनं सुरी थांबवली नाही. "आता नको, कोके."

"का नको?"

"आता लिहिलंत तर त्यांच्या लेखी न ऐकणारी तर मी आहेच, वर खोटारडीही होईन. त्यांनी विचारलं होतं तुम्हाला. तेव्हाच सांगायचं होतं."

ती चिडली नव्हती. चिडली असती, सुरी फेकली असती, तर मी पाय धरले असते तिचे. तिनं सोललेले बटाटे पातेल्यात टाकले, हात पुसले आणि मला म्हणाली, "उठा, खाली गार लागेल." मी उठलो.