साखळीपुलाची अट

शेजारच्या बोझीमावशींच्या फाटकापाशी असलेली टपालपेटी बाबांनी गाडी मागे घेताना पाडली, तेव्हा ते म्हणाले, “तिने पेटी पुढे सरकवलीय.” पेटी सिमेंटात रोवलेली होती. बोझीमावशी बाबांना काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त मला फोन केला, आणि तो बाबांना त्यांच्या घरात नीट ऐकू जाईल अशा बेताने अंगणात उभं राहून केला.

रविवारी मी गेले आणि सरळ गाडीची किल्ली मागितली.

“देतो की,” बाबा म्हणाले.

मी खुर्ची ओढून बसले. बाबांकडून सोपं उत्तर आलं की आधी बसून घ्यावं.

“एकच अट. साखळीपुलावरून एकदा माझ्या हाताने माझी गाडी नेणार. उभा जन्म त्या पुलावरून सरकारी बस हाकली, आपली गाडी कधी नेली नाही. तेवढं झालं की किल्ली तुझी.”

आता, पुलाची दुरुस्ती झाल्यापासून तिथे खासगी गाड्यांना बंदी आहे. बस जाते, टॅक्सी जाते, सायकल जाते. अख्ख्या बुडापेस्टला हे ठाऊक आहे. बाबांना ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हेही बाबांना ठाऊक होतं. आमच्या घरात वाटाघाटी अशाच होतात.

“चला मग,” मी म्हटलं.

“आज?”

“आज.”

“आज वारा आहे.”

“पूल लोखंडाचा आहे, बाबा.”

माझा हिशेब साधा होता. पाटीपाशी बाबा गाडी थांबवणार, ‘बघ बाई, मनाई आहे, मी तरी काय करू’ म्हणणार आणि जिंकणार. जिंकल्यावर बाबा तासभर मऊ असतात. त्या मऊपणात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला कबूल करून घ्यायचं. किल्ली मग डॉक्टरच काढून घेईल. वाईटपणा त्याला.

नदीच्या कडेकडेने आम्ही निघालो. बाबा नेहमीसारखेच चालवत होते, सावकाश आणि सगळ्यांना नावं ठेवत. टॅक्सीवाल्याला शिस्त नव्हती, ट्रामवाला झोपला होता, समोरच्या बाईला तर लायसन्स नवऱ्याने वाढदिवसाला दिलं असावं. मध्येच स्वतःशीच हसत होते. पाटीपाशी काय बोलायचं ते बहुधा ठरवून झालं होतं.

पुलाच्या तोंडाशी, बोगद्यासमोरच्या गोल चौकात आलो. बाबा पुढे वाकले, नाक काचेला टेकेल इतके. चौकाला एक फेरी झाली. दुसरी झाली. लाल कडेची पाटी माझ्या बाजूने दोनदा गेली. जेवणाच्या टेबलाएवढी आहे ती. मी ब्रेकची वाट पाहत होते. बाबांनी सिग्नल दिला आणि दोन दगडी सिंहांच्या मधून गाडी पुलावर घातली.

“बाबा—”

“थांब गं. बघू दे मला.”

मागून बसने भोंगा दिला. एक सायकलवाला शेजारी आला, टपावर थाप मारली आणि आमच्या खानदानाबद्दल दोन शब्द बोलून पुढे गेला.

“पोरांना वळण म्हणून नाही,” बाबा म्हणाले. मग जरा वेळाने, गाडी पुलाच्या मध्यावर आली असताना, विचारलं, “इल्का, ती पाटी कुठे लावलीय?”

“कुठली?”

“मनाईची. अजून कशी आली नाही?”

दोन्ही बाजूंनी लोखंडी साखळ्या खाली उतरत होत्या, पुन्हा वर चढत होत्या. मी त्यांच्याकडे बघत बसले.

“मागे गेली,” मी म्हटलं.

“केव्हा?”

“दोनदा.”

बाबांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. “लहान असेल.”

“हो. लहानच होती.”

“खोटं बोलण्यात आईवर गेलीयस,” ते म्हणाले, आणि पुढचा सगळा पूल त्यांनी इतका सरळ पार केला, की परीक्षकाने पैकीच्या पैकी दिले असते.

पलीकडच्या काठावर, पेश्तच्या बाजूला, एक तरुण पोलीस उभा होता. त्याने हात केला. बाबांनी गाडी कडेला घेतली, काच खाली केली.

“आजोबा, पाटी दिसली नाही का?”

मी बाबांकडे पाहिलं.

“दिसली की,” बाबा म्हणाले. “चांगली मोठी आहे.”

“दिसली?”

“लाल कडेची.”

पोलीस अवघडला. मन चांगलं होतं त्याचं. तो खाली वाकून हळूच म्हणाला, “हे बघा आजोबा, दिसली नाही म्हणालात ना, तर मी समज देऊन सोडतो. वयाचा मान ठेवून.”

“वय माझं मी बघेन. दिसली, वाचली आणि मुद्दाम आलो. दंड लिही.”

“ताई, तुम्ही तरी सांगा.”

“ते म्हणतात ना मुद्दाम,” मी म्हटलं. “मग मुद्दामच.”

त्याने दंड लिहिला. बाबांनी कागदावर सही केली, सहीची जागा त्यांना मीच बोटाने दाखवली. पोलीस मागच्या टॅक्सीकडे वळला.

बाबा उतरले. गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले, दार उघडलं आणि बाजूला उभे राहिले. मी उतरले, ते माझ्या जागी बसले. पट्टा लावायला त्यांना वेळ लागला. मी मदत केली नाही.

मी स्टिअरिंगमागे बसले. किल्ली जागेवरच होती. मागचं काही दिसेना म्हणून आरशाला हात घातला.

“आरसा हलवू नकोस,” बाबा म्हणाले. “माझ्या उंचीला लावलाय.”

मी हात खाली घेतला. समोरून एक बस पुलावर चढली. तिचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत बाबा तिच्या दिशेला तोंड करून बसले.

“हलव,” ते म्हणाले. “तुला दिसायला पाहिजे.”