टाकीखालच्या घुबडांचा अहवाल

बोरिवलीच्या मधुमालती सोसायटीत उंदरांनी गाड्यांच्या वायरी कुरतडून उच्छाद मांडला, तेव्हा सेक्रेटरी अनंतराव पाठाऱ्यांनी पार्किंगच्या कोपऱ्याकोपऱ्यात औषधाच्या निळ्या वड्या ठेवल्या. उंदीर हटले. सभेत टाळ्या पडल्या.

दिवाळीनंतर गच्चीवरच्या टाकीखाली राहणारं घुबडांचं जोडपं मेलं. आधी मादी, मग नर. अंगावर साधा ओरखडा नाही. "बरं झालं, अपशकुन टळला," शेजारच्या वनमालाबाई म्हणाल्या. पण अनंतरावांची लेक अस्मिता अंधेरीच्या प्रयोगशाळेत अन्नातली, रक्तातली विषं मोजायची; तिला राहवेना. तिने वनखात्याला कळवलं आणि त्यांच्या परवानगीने पक्ष्यांची यकृतं तपासायला घेतली.

निकाल आला त्या संध्याकाळी दारातूनच ती म्हणाली, "बाबा, उंदरांचं औषध निघालं. आपलंच."

"कशावरून आपलं? अख्खी बोरिवली टाकते."

"थोडं दुसरीकडचंही असेल. पण आपल्या वडीत तेच विष आहे, पार्किंगमधल्या मेलेल्या उंदरांतही तेच."

"निघालं तरी किती?"

"किलोमागे चिमटीचा हजारावा भाग."

अनंतराव हसले. "एवढ्याशाने काय होतंय गं?"

"घुबडाला तेवढं पुरतं. वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चार दिवस झिंगल्यासारखा फिरतो आणि घुबडाला आयता सापडतो. असे उंदीर खात गेलं की पोटात रक्तस्राव होतो."

"मशीन चुकलं असेल."

"मलाही तसंच वाटलं. घरचं प्रकरण, म्हणून नमुने लॅबमधल्या प्रांजलकडे दिले. पक्षी कुठले, ते तिला सांगितलंच नाही. तिचाही आकडा तोच आला."

अनंतरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवारच्या सभेत अस्मिताने सगळं सांगितलं. तळमजल्यावरचे चंद्रप्रकाश मिश्कीलपणे म्हणाले, "पोरी, औषध आणलं कुणी, ठाऊक आहे ना?"

"माझ्या बाबांनी. आणि ठराव तुम्ही सगळ्यांनी पास केलात."

हशा पिकला. अनंतरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण पोरगी डगमगली नाही. एकेकाच्या शंकेला शांतपणे उत्तर देत होती. जे माहीत नाही, ते माहीत नाही म्हणत होती. ऐकता ऐकता अनंतरावांचा राग कुठे गेला, त्यांनाच कळलं नाही. बँकेत त्यांची उभी हयात गेली, पण साहेबापुढे नकोसा आकडा असा सरळ ठेवायची छाती त्यांना कधी झाली नव्हती. ही माझी लेक! ते उठून उभे राहिले.

"वड्या बंद. ठराव मीच मांडतो. आणि उद्या सकाळी उचलतोही मीच."

हातमोजे घालून त्यांनी सगळी पार्किंग पालथी घातली. मग कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणं आली, बिळं सिमेंटने बुजली, पिंजरे लागले. उंदीर पुरते गेले नाहीत, पण आटोक्यात राहिले. टाकीखालची जागा मात्र रिकामीच आहे.

बातमी पसरली. परवा मुलुंडच्या एका सोसायटीतून फोन आला. त्यांच्याकडेही घुबड मेलं होतं.

"अस्मिता मॅडम हव्यात ना? त्या लॅबमध्ये आहेत," अनंतराव ताठ बसत म्हणाले. "मी त्यांचा बाप बोलतोय. बोला!"